माऊली पाय हलवतोय

भुताखेताच्या गोष्टी घेऊन माझ्या गॅरेजात यायचं न्हाई, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. गाडीला लिंबू-मिरची बांधायची तर खुशाल बांधा, पण गाडी बंद पडली की लिंबालाच विचारा, मला न्हाई. आमच्या घरात देव न्हाईत. आज्ज्यानं छप्पन साली बुद्धाचा धर्म घेतला तवा घरातले सगळे देव आंद्रा नदीत सोडले. "देवांच्या मागं भुतं बी व्हात गेली," असं तो हसत सांगायचा. त्या आज्ज्याचा मी नातू, गोरख. टाकव्यात रस्त्याकडंला माझं गॅरेज हाय. आन् तरी बी सांगतो, त्या खंडेनवमीला सरुबाईच्या टेम्पोत बसलो तवा माझ्या अंगावर सर्रकन काटा आलता.

सरुबाई म्हणजे माझ्या दोस्ताची, माऊलीची आई. मी तिला मावशी म्हणतो. बाई लय कडक. नवरा धोंडिबा गेला तवा माऊली मांडीवर व्हता. भाताची खाचरं हिनं एकटीनं केली. पाण्याचं इंजिन हँडल मारून स्वतः चालू करायची, आन् बांधावरचे गडी नुसते बघत बसायचे. कुणी मदतीला आला तर म्हणायची, "तू तुझी तंबाखू मळ, तेवढंच जमतंय तुला."

रीतीभातीची मात्र पक्की. घरात नवी वस्तू आली की हळद-कुंकू लावल्याबिगर तिला हात लावू द्यायची न्हाई. इळा असो, कुकर असो. भावकीतल्या बाया नाक मुरडायच्या, की नवरा मेलेल्या बाईनं कुंकवाला कशाला हात लावावा. तर ही ताडकन म्हणायची, "मी माझ्या कपाळाला लावती का? इळ्याला लावती. इळ्याची धनीण अजून जिती हाय." माऊलीनं पहिला मोबाइल आणला तवा त्याच्या काचेवर बी कुंकवाचं बोट उठलं. "आये, आता फोटू काढला की समदी नवरदेवावानी लाल येत्यात," माऊली म्हणला. तिनं उरलेलं बोट त्याच्याच कपाळाला पुसलं.

माऊलीला एकच खोड. बसला की पाय हलवायचा. शाळेत आमी एका बाकावर, तर त्याच्या पायानं सगळा बाक थरथरायचा आन् माझी अक्षरं वाकडी यायची. गुरुजींचा मार मला. जेवायला बसला तरी तेच. सरुबाई चुलीपुढनं ओरडायची, "पाय हलवू नगं रं मुडद्या, घरातली लक्ष्मी जाती!" तो लगेच थांबायचा. मग गुपचूप दुसरा पाय हलवायला लागायचा.

पुढं त्यानं एक जुना टेम्पो घेतला. सीएनजीवरचा, चार सिलेंडरच्या इंजिनाचा. इंजिन सीटच्या खाली, सीट उचलली की समोर. मळवलीच्या आन् लोणावळ्याच्या बंगल्यांना पाण्याचे जार पोचवायचा. धंदा बसला. आईला सारखा म्हणायचा, "आये, एकदा शेजारी बस की. लोणावळा दावतो, तुंगार्लीचं धरण दावतो." तर हिचं ठरलेलं, "मला गाडी लागती बाबा. एष्टीच्या वासानंच पोटात ढवळतंय. पुढच्या बारीला बघू." अशा किती पुढच्या बाऱ्या गेल्या कुणास ठाऊक. ती कधी बसलीच न्हाई.

माऊली गेला तो मळवलीच्या रेल्वे फाटकावर. दुपारची येळ, गेट पडलेलं. रेल्वे गेली, गेट उघडलं, मागच्यांनी हॉर्न मारले, तर म्होरला टेम्पो हलंना. लोक शिव्या देत उतरले. बघत्यात तर हा स्टेअरिंगला डोकं लावून बसलेला. हार्ट अटॅक. चाळिशी बी गाठली नव्हती. लोकांनी त्याला दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात नेला आन् टेम्पो तसाच ढकलून कडंला लावला. मला फोन आला तो टेम्पो घेऊन जायला. मी पोचलो तर रस्त्याकडंला एकटा टेम्पो उभा, दार उघडं, आन् इंजिन चालूच. घाईगर्दीत कुणी बंदच केलं नव्हतं. इतकं गुळगुळीत चाललं व्हतं की सीटवर पडलेली त्याची टोपी जरा सुदिक हलत नव्हती. चावी मी फिरवली. अजून कधी कधी कुठलं इंजिन बंद करताना माझा हात चावीवर थांबतो.

त्याची बायको सविता, माहेर वराळ्याचं. दहाव्याला भावकीतल्या बायांनी तिचं कुंकू पुसलं. सरुबाई तवा कोपऱ्यात बसली व्हती, भिंतीकडं तोंड करून. ती रडली न्हाई, त्या दिवशी न्हाई आन् नंतर बी न्हाई. गावाला वाटलं, आता टेम्पो इकणार. तर सवितानं लायसन काढलं आन् स्वतः जार पोचवायला लागली. गावात कुजबूज झाली तवा सरुबाई भर पारावर म्हणली, "बाईनं गाडी चालवली तर तुमचं काय पोट दुखतंय? भात काय बाप्यांनी लावला व्हता का आजवर?" त्या दोघींचं घर त्या टेम्पोवर चालत व्हतं, त्यामुळं पुढं कुणी बोललं न्हाई.

सविता हुशार. तेल बदलणं, फिल्टर, प्लग, सगळं माझ्याकडं उभी राहून शिकली. त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी तिनं नवे स्पार्क प्लग आणले. सणाला सरुबाईनं इळा, खुरपं, गाडीचे पाने, सगळं ताटात मांडलं आन् त्यातच ते चार प्लग बी ठेवले. पूजा झाली. दुपारी सवितानं जुने प्लग काढून हे नवे बसवले. गाडी चालू केली, तर सगळा टेम्पो थरथरायला लागला. सरुबाई नारळ ठेवायला टेम्पोच्या दारात उभी व्हती. तिनं सीटवर हात टेकला आन् तशीच राहिली.

"सविता," ती हळू म्हणली, "माऊली पाय हलवतोय."

त्यानंतर जी बाई जन्मात कधी त्या टेम्पोत बसली नव्हती, ती चढून बसली. उतरंना. तशीच सविता तिला घेऊन माझ्या गॅरेजात आली. पोरीचं तोंड पांढरं पडलेलं.

"भाऊ, मला हे नीट करून द्या," ती म्हणली. "मी ह्यांच्या मांडीवर बसून गाडी न्हाई चालवू शकत. जार थांबलेत. आज न्हाई गेले तर बंगलेवाले उद्या दुसरा बघतील."

आन् सरुबाई आतनं म्हणली, "गोरख, तू हात लावू नगंस. लय दिवसांनी आलाय त्यो."

आता सांगा, दोघी बायांच्या मधी माझ्यासारख्या मिस्त्रीनं करायचं काय? मी चिडलो. चिडलो म्हणजे काय, घाबरलो व्हतो. "मावशी, खाली उतरा. ह्याला मिसिंग म्हणत्यात. चारातलं एक सिलेंडर पेटंना, म्हणून गाडी थरथरती. रोज धा गाड्या येत्यात अशा," मी म्हणलो. तिनं मान बी वळवली न्हाई. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर चढलो, एक्सलेटर दाबला, सोडला. दाबला की थरथर जरा कमी, सोडला की परत. तीन ठोके बरोबर आन् चौथा गायब. सीट माझ्या मांडीखाली हलत व्हती. शाळेतल्या बाकासारखी, अगदी तशीच. काटा आला तो तवाच. मी झटकन खाली उतरलो आन् पाना शोधायच्या निमितानं मागं गेलो.

मग ड्रायव्हरची सीट उचलून कामाला लागलो. नवे प्लग बसवल्यावर गाडी मिसिंग मारायला लागली तर दोष नव्या कामातच असतो, हा आमच्या धंद्यातला नेम. काम करताना एखादा हवेचा पाइप धक्क्यानं निघतो, म्हणून आधी सगळे पाइप चाचपले. बरोबर व्हते. वायरींची अदलाबदल झाली का बघितलं. सवितानं एक एक करूनच बदलले व्हते, काय चूक न्हाई. मग इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची रबरी टोपी ओढून बघितली. पहिली काढली तर इंजिन आणखी आचके खायला लागलं. म्हणजे ते सिलेंडर काम करत व्हतं. दुसरीला तेच. तिसरी काढली तर काही फरकच पडला न्हाई. काढली काय आन् ठेवली काय, थरथर तेवढीच. मेलेलं व्हतं ते.

"तिसरा," मी म्हणलो.

ठिणगी कुठनं तरी फुटून बाहेर जात असंल तर अंधारात दिसती. दिवस डोक्यावर, म्हणून मी मोठी ताडपत्री आणून केबिनवर टाकली, कडा खाली दाबल्या आन् आत वाकलो. सरुबाई आतच बसून व्हती, शेजारच्या कोपऱ्यात. सविता पलीकडनं डोकं घालून. ताडपत्रीच्या आत उकाडा आन् काळोख, आन् मधी ते इंजिन. डोळे सरावले तसं दिसलं. तिसऱ्या प्लगपाशी बारीक निळा उजेड. यायचा, जायचा, यायचा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरनं सापासारखा खाली सरकायचा आन् लोखंडात इझायचा.

"दिसला का रं?" सरुबाई माझ्या कानाजवळ म्हणली. तिचा श्वास लागत व्हता माझ्या मानंला. मला माहीत व्हतं तो उजेड कशाचा हाय, शंभर बारी बघितलेला. तरी माझ्या तोंडनं "व्हय" निघालं.

ताडपत्री काढली, गाडी बंद केली आन् तिसरा प्लग खोलला. पांढऱ्या चिनीमातीवर वरनं खालपर्यंत कुंकू. तेलात कालवलेलं, बोटानं ओढलेलं. आन् त्या लालीतनं केसासारखी काळी रेघ जळत गेलेली. सीएनजीला ठिणगी जोरकस लागती, आन् ठिणगी मोठी आळशी. आत सिलेंडरात उडी मारायच्या ऐवजी तिला ही ओल्या कुंकवाची वाट सापडली आन् ती बाहेरच्या बाहेर पळत व्हती. बाकीच्या तिन्ही प्लगला बी कुंकू व्हतं, पण टिकलीएवढं, लोखंडावर.

"ह्याच्यावरच एवढं कशानं?" मी इचारलं.

"शेवटचा व्हता त्यो," सरुबाई म्हणली. "बोटाला राहिलेलं समदं त्येच्यावर पुसलं."

मी सवितावर उखडलो. "तुला शिकवलं व्हतं ना, प्लग कोरडा पुसून बसवायचा म्हणून? दिसलं न्हाई का एवढं लालभडक?"

"दिसलं की," ती म्हणली. खाली बघत व्हती. मग तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. "कुंकू एकदा पुसलंय भाऊ. परत माझ्या हातानं न्हाई पुसणार."

माझ्या हातातला कपडा हातातच राहिला. आन् सरुबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की जणू ही बाई आपल्या घरात राहती हे तिला आत्ताच कळलं. मीच सगळे प्लग पेट्रोलनं पुसले, टोप्या आतनं साफ केल्या. तिसरा जळला व्हता, त्याच्या जागी माझ्या डब्यातला नवा बसवला. सीट खाली टाकली. "मावशी, धरून बसा," म्हणलो आन् चावी फिरवली.

इंजिन एका दमात चालू झालं आन् गुळगुळीत चाललं. फाटकाकडंला चाललं व्हतं तसंच. सरुबाईनं सीटवर पंजा पसरून ठेवला. दाबला. दुसरा हात ठेवला.

"गेला," ती म्हणली.

आन् मग रडली. पोरगा गेल्यापासनं पहिल्यांदा. मोठ्यानं, गळा काढून, रस्त्यावरनं जाणारी लोकं थांबली एवढी. सविता तिला धरायला गेली तर तिनं हात झटकला. मी नीट काम केलं व्हतं, आन् मला वाटत व्हतं की मी कुणाचा तरी जीव घेतला. उतरताना तिनं तो जळका प्लग मागून घेतला आन् पदराच्या टोकाला बांधून चालत घरी गेली.

दिवाळीनंतरची गोष्ट. लोणावळ्याला सुट्टीची गर्दी, सवितानं जारच्या दोन-दोन खेपा सुरू केलत्या. आन् एक दिवस दुपारी ती गॅरेजात आली ती थरथर कापत. या बारीला गाडीबरोबर ती बी. तुंगार्लीच्या चढावर म्होरं पर्यटकांच्या गाड्या अडकलेल्या, ही मागं थांबलेली. इंजिन हलायला लागलं आन् बंदच पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडावानी कडक होतो. भरलेल्या जारांचं वजन, टेम्पो मागं सरकला. मागं एक बाई लेकराला घेऊन चालत व्हती. सवितानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आन् टेम्पो एका बंगल्याच्या भिंतीला टेकून थांबला. ती बाई वितभरावर व्हती.

मी सीट उचलली. तिसऱ्या प्लगची टोपी ओढली. आत बोट घातलं आन् बाहेर काढलं तर लाल.

दोघं बी बघत राहिलो. सवितानं हात लावला नव्हता, मी लावला नव्हता. टोपी ओढली की निघती हे बघून शिकलेलं तिसरं माणूस एकच.

सरुबाई खळ्यावर भात झोडत व्हती. मी गेलो तो तावातावातच, मागनं सविता. लाल बोट तिच्या म्होरं धरलं. "मावशी, हे काय हाय? अक्कल गहाण टाकली का तुमी? गाडी चढावरनं मागं आली! एक लेकुरवाळी बाई मेली असती, तुमची सविता मेली असती!"

तिच्या हातातला पेंढा खाली पडला. "मागं आली?"

"तुमच्या ह्या कुंकवानं!"

ती खळ्यावरच बसली. मग म्हणली, "मी त्येच्यासंगं एकदा बी गेले न्हाई, गोरख. किती बोलवायचा. आन् त्यो तितं फाटकावर एकटाच गेला, शेजारी कुणी नव्हतं. आता ही पोरगी रोज एकटी जाती. मला वाटलं, त्यो तरी असू दे तिच्यासंगं. पाय हलवत का व्हईना, असू दे." तिनं आपलं बोट वर धरून बघितलं. "ह्या बोटानं मारलं असतं मी तिला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मेल्या माणसाला मी मानत न्हाई, पण त्या खळ्यावर आमच्या तिघांच्या मधी चौथा बसला व्हता, एवढं मी शपथेवर सांगतो. मला वाटलं, आता सविता सासूला घालून पाडून बोलणार. तिनं पडलेला पेंढा उचलून बाजूला ठेवला.

"आत्या," ती म्हणली, "मला ते नकोत शेजारी. मला भीती वाटती. तुमी बसा."

"मला गाडी लागती."

"लागू द्या. पिशवी घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सवितानं टेम्पो गॅरेजापुढं उभा केला. इंजिन चालू ठेवून म्हणली, "भाऊ, एकदा बघा. मिसिंग न्हाई ना?" शेजारी सरुबाई बसलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, हातात कापलेलं लिंबू, तोंड आत्ताच वाकडं झालेलं. मी खिडकीपाशी गेलो. बघतो तर सीट थरथरत व्हती. आरशाला टांगलेला बिल्ला हलत व्हता. काल मी स्वतः सगळं पुसलं व्हतं, चारी प्लग तपासले व्हते. मी वाकून इंजिनाला कान दिला. चारी ठोके बरोबर. एक बी चुकत नव्हता.

मग मी खाली बघितलं. सरुबाईचा पाय हलत व्हता. उजवा, टाच उचलून, भराभर.

सविता म्होरं रस्त्याकडं बघत व्हती. "आत्या, पाय नका हलवू," ती म्हणली. "लक्ष्मी जाती."

सरुबाईचा पाय थांबला. सवितानं गिअर टाकला. टेम्पो हलला, आन् तेवढ्यात मी बघितलं, म्हातारी गुपचूप दुसरा पाय हलवायला लागली.